पोच मिळाल्याखेरीज

"पण मी मेल पाठवलाय ना बाई. हा बघा, गेलेला दिसतोय," समोर बसलेला कागदाचा व्यापारी मोबाइल पुढे करत म्हणाला.

वकीलबाईंनी मोबाइलकडे पाहिलंही नाही. "तुम्हीच त्यात अट घातलीत, पोच मिळाली तरच हा प्रस्ताव लागू. पोच आली का? नाही आली. मग कायद्याच्या दृष्टीने तुम्ही तो पाठवलेलाच नाही."

व्यापाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पलीकडच्या टेबलावर टाइप करणाऱ्या पोचकाकांचे हात मात्र जागच्या जागी थांबले.

पोचकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ऑफिसातून निघणाऱ्या मेलच्या शेवटी 'या संदेशाची पोच मिळाल्याखेरीज तो बंधनकारक राहणार नाही' ही ओळ घालायची, आणि पोच आली नाही की मुदत देऊन आठवण करून द्यायची, हे त्यांचं काम. त्यावरून ऑफिसातल्या टवाळांनी बारसं करून टाकलं होतं. ती ओळ त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की मजकूर संपला की पुढचं बोटंच लिहून मोकळी होत. संसारात काकांचं कुणी फारसं ऐकलं असेल असं नाही, पण या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

व्यापारी गेल्यावर त्यांनी लेकीला पाठवलेला मेल उघडला. त्याला आठवडा होऊन गेला होता. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, आणि फोनवर बोलायचा तर धीरच नव्हता. शेवटी मनाचा हिय्या करून लिहिलं होतं, 'बाळ, आता एकट्याने निभत नाही. तुमच्याकडे राहायला येऊ का?' आणि त्याच्या खाली ती ओळ ठाण मांडून बसली होती.

काकांनी कपाळावर हात मारला. पोरीला वाटलं असणार, बापाने नोटीस धाडली. म्हणूनच तिचं उत्तर नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी जिन्यात जाऊन तिला फोन लावला.

"अगं, ती खालची ओळ सवयीने पडली. मनावर घेऊ नकोस."

"नाही हो बाबा. वाचून आधी हसूच आलं मला." ती पुढे म्हणाली, "कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्या ऑफिसात यायचे, तेव्हा तुम्हीच शिकवलं होतंत. अशी अट असली आणि पोच दिली नाही, तर तो मेल पाठवलाच नाही असं धरतात."

"हो, धरतात."

"म्हणून नाही दिली."

काका कठड्याला टेकले. तिच्या दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, जावयाची पाळ्यांची नोकरी, सगळं त्यांना ठाऊक होतं आणि तरीही ते विचारून बसले होते. पोरीला हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. त्यातून तिने बापाच्याच नियमाने वाट काढली होती. काकांना फार वाईट वाटलं. तिची माया कळली म्हणून ते काही कमी झालं नाही.

मुदत देऊन पोचेची एकदा आठवण करून देणं ऑफिसच्या रिवाजात बसत होतं. तोंडीही चाललं असतं.

"बाबा, ऐकताय ना? त्या मेलचं मी..."

"कुठला मेल?" काका म्हणाले. "मी तर काही पाठवलं नाही."

पलीकडे तिने नाक ओढलं. मग विचारलं, जेवलात का. काकांनी न जेवताच हो म्हटलं, आणि सासूबाईंना हल्ली रात्री झोप लागते का, याची चौकशी केली.