आपला देश सोडून

ताईचा धंदा विकण्याचा, पण विकायची वस्तू कधी हातात धरता यायची नाही. सिनेमे, मालिका, माहितीपट; तेही नव्हे, ते दाखवायचा हक्क. एकच सिनेमा एका देशात एका वाहिनीला द्यायचा, शेजारच्या देशात दुसरीला, आणि उरलासुरला विमान कंपनीला, प्रवाशांच्या समोरच्या छोट्या पडद्यासाठी. तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, "म्हैस एकच, धारा काढायला दहा घरची माणसं." ताई हसायची. या खेपेला मात्र तिला हसू येत नव्हतं, कारण या खेपेला बाजारात आई उभी होती.

झालं होतं असं. धाकटा माहितीपट काढायचा. पैसे नसले की घरातलीच माणसं टिपायचा. आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसलेली, बाहेरच्या खोलीत बाबांचा टीव्ही मोठ्याने चाललेला, आणि हा कॅमेरा लावून समोर. आई बोलत गेली. आधी भावांबद्दल, मग शाळेबद्दल, आणि मग वाटाण्यांवरची नजर न काढता म्हणाली, "मी एकदा घर सोडून निघाले होते, माहितीये तुला?"

ताई तेव्हा शाळेत जायची, धाकटा जन्मला नव्हता. बाबा बस चालवायचे. भांडण नव्हतं, मारहाण नव्हती. घरात बोलणंच नव्हतं. पोरीला शेजारणीकडे ठेवून आई पिशवी भरून गिरणीजवळच्या थांब्यावर जाऊन बसली. कुठे जाणार, ते तिचं तिलाही पक्कं नव्हतं. बस आलीच नाही. त्या दिवशी चालकांचा संप होता, आणि मोर्चात सगळ्यांत पुढे तिचाच नवरा घोषणा देत होता. ऊन डोक्यावर आल्यावर ती उठली आणि घरी येऊन चहाला आधण ठेवलं. एवढं सांगून कॅमेऱ्याकडे बघत ती म्हणाली, "तू त्या संपाचं पोर आहेस बघ." आणि पदराने डोळे पुसत हसत सुटली.

माहितीपट त्या बोलण्यावरच उभा राहिला. आईने एकच अट घातली. "जगभर दाखव. पण इथे नको. तुझे बाबा दिवसभर त्या डबड्यासमोर बसलेले असतात."

म्हणून ताईने करारात प्रत्येक वेळी तेच वाक्य घातलं : आपला देश सोडून. दोन-चार छोट्या वाहिन्यांनी घेतलाही. आणि मग यंदाच्या बाजारात एक मोठी खरेदीदार आली.

हा बाजार परक्या शहरात, एका अवाढव्य हॉलमध्ये भरायचा. पुठ्ठ्याच्या भिंती, एकसारखी टेबलं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू. खरेदीदार बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, "तुमची ही म्हातारी मला हवी. पण अख्खं जग हवं. एक देश वगळायचा, तोही तिचा स्वतःचा? तिथे तर सगळ्यांत जास्त बघतील."

"ती अट घरची आहे."

"मग घरी बोला. परवा बाजार संपतो."

ताई तिथून निघाली ती चालतच राहिली. हॉलला एक फेरी, दुसरी फेरी. बूट चावत होते, तरी बसवेना. एका टेबलावर कॉफी घेतली आणि तिथेच विसरून आली. पुढच्या भेटीत समोरचा माणूस काय विकत घेऊ पाहतोय हेच तिच्या ध्यानात राहीना. शेवटी मागच्या जिन्यात जाऊन तिने धाकट्याला फोन लावला.

"ताई, हो म्हण!" तो ओरडलाच. "आयुष्यात एकदा कुणीतरी विचारतंय."

"आणि आई?"

"आईचं मी बघतो. बाबा बातम्यांशिवाय काही बघतात का?"

"तू असा कसा रे बोलतोस? तिने तुझ्यावर विश्वास टाकून सांगितलं."

"आणि तू विकलंस," तो म्हणाला. तेही खरं होतं.

तिने फोन ठेवला तोच आईचा आला. आई कधी कामाच्या वेळी फोन करायची नाही.

"अगं, तुझ्या आत्याचा फोन आला होता."

आत्या, बाबांची धाकटी बहीण, लग्न होऊन परदेशात गेलेली. त्या देशातल्या वाहिनीला माहितीपट ताईनेच विकला होता. सही तिची, शिक्का तिचा. जगाचा नकाशा समोर ठेवून धंदा करणाऱ्या बाईला आपली आत्या कुठे राहते ते आठवलं नव्हतं.

"फोन कुणी घेतला?"

"त्यांनीच. 'दादा, वहिनीला टीव्हीवर बघितलं, काय छान बोलते,' म्हणाली. त्या भोळीला वाटलं त्यांना माहीत असेल. तेव्हापासून टीव्ही बंद करून बसलेत. तू ये."

ताईने टेबल सहकाऱ्याच्या गळ्यात मारलं आणि मिळेल ती गाडी पकडली. वाटेत वाचायला काढलेलं पान तेच राहिलं. खिडकीबाहेर शेतं गेली, कारखाने गेले; ती मनातल्या मनात बाबांशी बोलत होती आणि दर वेळी पहिल्याच वाक्याला अडखळत होती.

घरात बाबा खुर्चीत ताठ बसले होते, जणू अजून गाडी हाकायची आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. धाकटाही येऊन भिंतीला टेकला होता.

"बाबा, मी सांगते—"

"सांगू नको. दाखव," बाबा म्हणाले. "माझ्या बहिणीने बघितलं, मी का नाही?"

ताईने लॅपटॉपवर आत्याच्या देशातल्या वाहिनीचं पान उघडलं. पडद्यावर सूचना आली : हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही. तिनेच आग्रहाने घालून घेतलेलं कुलूप होतं ते. बाबांनी चष्मा पुसून सूचना पुन्हा वाचली. "म्हणजे जगात फक्त मलाच बंदी?" धाकट्याने मुकाट्याने आपली मूळ प्रत जोडली.

बाबांनी शेवटपर्यंत बघितला. मधे एकदा 'संपाचं पोर' आलं तेव्हा त्यांच्या नाकातून हवा सुटल्यासारखा आवाज आला. हसू होतं की काय, कळलं नाही. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कुठला थांबा म्हणालीस?"

"गिरणीजवळचा," आई म्हणाली.

"तो थांबा त्याच्या आधीच बंद झाला होता. आमच्या गाड्या पलीकडच्या रस्त्याने जायच्या. संप नसता तरी तू तिथेच बसून राहिली असतीस."

आईचा चेहरा लाल झाला. "मग सांगायचं नाही का घरात?"

"तू विचारलंस कधी, बस कुठे थांबते म्हणून?"

"तुम्ही सांगितलंत कधी काही? दिवसभर गावाला हाका मारत फिरायचात आणि घरात आलात की तोंडाला टाळं!"

"आणि तू? मला नाही सांगितलंस, वाटाण्यांना सांगितलंस!"

"वाटाणे ऐकून घेतात!"

ताईने जन्मात आईबाबांचा एवढा चढा आवाज ऐकला नव्हता. धाकट्याचा हात सवयीने कॅमेऱ्याच्या पिशवीकडे गेला. तिने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"जायचंच होतं तर मला म्हणायचंस," बाबा शेवटी म्हणाले.

"जाऊ दिलं असतंत?"

बाबा विचारात पडले. "आज म्हणतो, दिलं असतं. तेव्हाचं माहीत नाही."

आई खाली बसली. ताई आल्यापासून ती पहिल्यांदाच बसत होती.

ताईने मग मोठ्या खरेदीदाराचं सगळं सांगितलं. आई पटकन म्हणाली, "दाखवा आता. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनीच बघितलं."

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. "बाहेरच्या लोकांना मी कोण? इथे मला रोज भाजी आणायला जायचं असतं, दाढी करायला जायचं असतं. तो न्हावी वस्तरा गळ्यावर ठेवून विचारेल, काय हो, वहिनी कुठे निघाल्या होत्या?"

"गोष्ट माझी आहे!"

"नवरा मी आहे त्या गोष्टीतला!"

धाकटा आईच्या बाजूने, करारात बाबांची संमती लागतच नव्हती, आणि आईबाबा दोघांचंही बरोबर. ताई उठून गॅलरीत गेली, आत आली, पुन्हा गेली. गोष्ट आईची होती यात शंका नव्हती. पण मघाशी बाबांनी 'जगात फक्त मलाच बंदी' म्हणताना जो आवाज काढला होता, तो तिच्या कानातून जात नव्हता. त्यांना न विचारता एकदा विकून झालं होतं. दुसऱ्यांदा तिला जमेना.

बाजार संपायच्या आत तिने खरेदीदार बाईला कळवलं : आमची अट कायम आहे. उत्तर लगेच आलं, सभ्य आणि दोन ओळींचं. सौदा मोडला.

धाकट्याने बरेच दिवस अबोला धरला. ताई जुन्याच पद्धतीने माहितीपट विकत राहिली, एक देश, मग दुसरा देश, कुठे रात्रीची वेळ, कुठे सुट्टीची दुपार. आत्याने आपल्या सगळ्या मैत्रिणींना बघायला लावला. बाबा आता स्वतःच फोन करायला लागले. "कुठे लागला या आठवड्यात? लोक काय म्हणाले?" ताई सांगायची. कुठल्याशा दूरच्या शहरात एका प्रेक्षकाने लिहिलं होतं की तो नवरा बिचारा बरा वाटतो. हे बाबांनी तिला दोनदा वाचायला लावलं.

परवाही तिचं बाबांशी बोलणं असंच चाललं होतं. मागून आईचा आवाज आला, "अगं, तूच विचार यांना, इथे कधी दाखवायचं?"

"इथे नाही!" बाबा फोन तसाच हातात धरून ओरडले.

"मग मी खाली उतरून एकेकाला तोंडी सांगते!"

"सांग! थांबा तरी नीट सांग!"

फोन ठेवायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. इकडे ताई फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत होती. टेबलावर पुढच्या बाजाराची बॅग अर्धी भरून पडली होती. तिकडे भांडण थांब्यावरून आजोळच्या एका लग्नापर्यंत गेलं, तिथून कुठल्याशा न आणलेल्या पंख्यावर आलं. मध्यस्थी करावी की ऐकत राहावं, तिला ठरवता येईना. फोन बंद करणंही तिच्याने होईना.