काशिनाथांची बोटे, ब्रॉनवेनबाईंचे पाय

मित्रांनो, न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावात वेल्श मंडळाच्या सभागृहात एक जुनी पायपेटी दिसते ना, ती मी. पायांनी भाता चालवायचा आणि हातांनी वाजवायचे, अशी माझी रीत.

माझा जन्म वेल्समधला. १९२० साली माझ्या मालकांनी मला बोटीतून इकडे आणले. लहानपणी त्यांनी कार्डिफला १९०५ सालचा तो रग्बी सामना पाहिला होता. न्यूझीलंडच्या खेळाडूंनी 'हाका' हा माओरी लोकांचा युद्धनाच केला, तेव्हा उत्तर म्हणून वेल्सचे खेळाडू आपले राष्ट्रगीत गाऊ लागले आणि सारे मैदान त्यांच्याबरोबर गायले. सामनाही वेल्सने जिंकला! ते गीत मालक रोज वाजवत आणि मीही मनापासून गात असे.

मालक गेले. त्यांच्या कन्येची, ब्रॉनवेनबाईंची बोटे संधिवाताने वाकडी झाली. माझे झाकण मिटले. उंदरांनी भाता कुरतडला. पुढे मला या सभागृहात आणून ठेवले आणि लोक माझ्यावर कपबश्या ठेवू लागले.

२००५च्या सोळा डिसेंबरला त्या सामन्याला शंभर वर्षे होणार होती. मंडळी जमून ते गीत गाणार होती. पण खुर्च्यांना जागा हवी, म्हणून मला टाकून द्यायचे ठरले. ब्रॉनवेनबाई माझ्यावरची धूळ पुसून गेल्या.

नोव्हेंबरात दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मराठी मंडळी त्या सभागृहात आली. त्यांत कांचन नावाची नर्स होती आणि साताऱ्याहून तिच्याकडे आलेले तिचे वडील काशिनाथ. नाटक कंपनीत त्यांनी आयुष्यभर साथ केलेली. त्यांनी माझे झाकण उघडले आणि ते थबकलेच.

"अगं कांचन, पायपेटी! हिच्यावरच तर आपलं घर चाललं."

"बाबा, ती बंद आहे. नेक्स्ट वीक टाकून देणार आहेत म्हणे."

"मी इथे असताना? दाराशी उभ्या आहेत त्या बाईंना विचार, मला चार आठवडे देतील का?"

ब्रॉनवेनबाईंनी लगेच सभागृहाची किल्लीच दिली. काशिनाथांनी कांचनच्या जुन्या पर्सचे कातडे भात्याला चिकटवले. माझे सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी पट्ट्या, एकेक काढून घासले. ब्रॉनवेनबाई चाल गुणगुणत आणि काशिनाथ ती सारेगममध्ये लिहून घेत.

मी पुन्हा वाजू लागले, पण दोन ओळींतच काशिनाथ थांबले.

"गुडघे साथ देत नाहीत गं. आता कसं व्हायचं?"

कांचनने ते इंग्रजीत सांगितले. ब्रॉनवेनबाई हसल्या आणि काही बोलल्या.

"बाबा, त्या म्हणतात, बोटं गेली तरी माझे पाय शाबूत आहेत. रोज टेकडी चढते. सरका जरा!"

सोळा तारखेला दोघे एकाच बाकावर बसले. बाईंनी भाता चालवला, काशिनाथांनी गीत वाजवले आणि सारे सभागृह उभे राहून गायले. शेजारपाजारचे न्यूझीलंडवासीसुद्धा! शेवटच्या ओळीला बाईंचे डोळे वाहत होते, पण पाय थांबले नाहीत.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू मुकी झाली, तर टाकण्याआधी तिला ओळखणारे कुणी आहे का, एवढे विचारून पाहा. माझा माणूस तर साताऱ्याचा निघाला!