पंढरीची हजेरी

माझा नवरा खोटं बोलत नाही, असं मी अख्ख्या पाड्याला सांगत असे. माझ्या तोंडाला कोणी कुलूप का लावलं नाही, देव जाणे.

पंढरीला शुगर निघाली तेव्हाच दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं, गोळ्या चुकवू नका, रक्त तपासत राहा, दरवर्षी डोळ्यांचा पडदा दाखवा. डोळा आतून बिघडतो, दुखत नाही म्हणून कळत नाही. पुढे त्या बदलून गेल्या. पंढरी तपासणीला जायचा आणि कागद दाखवून म्हणायचा, "साखर बरोबर आली." मी हरखायचे. मग मीच त्याच्या ताटात नागलीच्या भाकरीऐवजी भाताचा ढीग वाढू लागले. बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्याही सोडल्या.

यंदा भात कापताना त्याच्या उजव्या डोळ्यापुढे काळी जाळी आली. मोखाड्याला डोळ्यांचं शिबिर होतं. एसटीची पायरी त्याला दिसेना, म्हणून धाकटा दीर जिवा सोबत आला.

आमच्या दवाखान्यातल्या नव्या सिस्टरच तिथे होत्या. त्यांनी पंढरीचं नाव पुकारलं आणि त्या जिवाकडे बघून हसल्या. "काय पंढरी, आज वहिनींना पण आणलंस?"

"पंढरी हा आहे," मी म्हणाले. जिवाने मान खाली घातली.

ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर एक भाऊ नसला की दुसरा त्याची हजेरी देतो. मुकादम डोकी मोजतो, तोंडं बघत नाही. तशीच या दोघांनी रक्ताचीही हजेरी दिली होती.

"साखर वाढली तं इन्सुलिनची सुई लावतील," पंढरी पुटपुटला. "सुईवाल्याला मुकादम नेत नाय."

दोघांना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही. रक्त जिवाचं, भात पंढरीला, आणि वाढणारी मी. माझ्याच हाताने माझ्या माणसाचा डोळा घालवला यांनी.

डॉक्टर म्हणाले, उजव्याची नजर परत येणं कठीण आहे. डावा लेसरने वाचेल, पण साखर आवरली तरच.

पंढरी माझा हात चाचपडू लागला. मी काढून घेतला.

"जिवाचा धर," मी म्हणाले. "त्याचं रक्त चाललं, त्याचे डोळे पण चालतील."

जिवा रडायला लागला. मला दया आली नाही.

सिस्टर रक्त घ्यायला आल्या तशी पंढरीने मूठ आवळली. मी ती उघडली, बोट घट्ट धरून त्यांच्यापुढे केलं.

"हे पंढरीचं बोट," मी म्हणाले. "नीट बघून घ्या."