चार वाजून दहा मिनिटं

"चालू करा ना, मिस्टर प्रुइट. माती देऊन दोन दिवस झाले. आता घड्याळ बंद ठेवणं बरं नाही."

मिस युलाली माझ्या मागे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. काळा झगा, मनगटापर्यंत बाह्या. ऑगस्टच्या मिसिसिपीत लांब बाह्या घालणारी बाई एक तर आजारी असते, नाही तर काही तरी झाकत असते. व्हिकरींच्या या हवेलीत घड्याळाला किल्ली द्यायला मी तीस वर्षं दर शनिवारी येतोय, आणि त्या बाह्या पाहून न पाहिल्यासारखं करतोय. किल्ली देऊन झाली की ती मला गार चहा द्यायची, अक्रोडाच्या गोड 'पाय'चा तुकडा द्यायची. तेवढ्यासाठी मी शनिवारची वाट पाहायचो. लग्न केलं नाही. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मिस म्हणायची ती आमच्याकडची रीत, नवरा होता तिला. मंगळवारी तो, रॉइस व्हिकरी, याच जिन्याखाली मेलेला सापडला. डोक्यात शेकोटीची सळई घातलेली. आपण दुपारपासून चर्चमध्ये फुलं लावत होतो, सहाला घरी आलो तर हे असं, असं मिस युलालीनं शेरीफला सांगितलं. साडेपाचपासून बागेत माळी इनॉक एकटाच होता. काळा माणूस, त्यात मालकानं त्याच्या कुत्र्याला गोळी घातली म्हणून आठवड्यापूर्वीच वाजलेलं. शेरीफला तेवढं पुरे झालं, त्यानं इनॉकला आत टाकलं.

काल इनॉकची बायको झेल्मा माझ्या घड्याळाच्या दुकानाच्या मागच्या दाराशी आली.

"प्रुइटसाहेब, तुरुंगापुढं माणसं जमायला लागलीत. एकाच्या हातात दोर होता. सोमवारी कोर्ट आहे, पण तो सोमवार काही उजाडत नाही माझ्या माणसाचा. मंगळवारी तुमच्याकडं होता ना तो?"

"होता की. पण चार ते पाच. खून सहाच्या सुमाराला झालाय म्हणतात."

"कोण म्हणतात?"

त्याचं उत्तर मला गुरुवारीच, दफनाच्या दिवशी दिसलं होतं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. चिमट्यात धरलेले स्क्रू हातातून निसटतात, जेवायला बसलो की उठावंसं वाटतं.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की घड्याळ थांबवतात, आरशावर कापड टाकतात. माती दिली की परत सुरू. हे कुणी शिकवत नाही, आईच्या मागे फिरता फिरता अंगात मुरतं. गुरुवारी शंभर माणसं या घड्याळासमोरून गेली. शेरीफसुद्धा टोपी काढून उभा राहिला. घड्याळ बंद आहे हे सगळ्यांनी पाहिलं, किती वाजता बंद पडलंय ते एकानंही पाहिलं नाही. चार वाजून दहा मिनिटं. आठ दिवस पुरणारी किल्ली मी गेल्या शनिवारीच दिली होती, आपोआप बंद पडायचा प्रश्नच नव्हता. कुणी तरी लंबक हातानं धरला होता.

आणि आता ती मला तोच लंबक ढकलायला सांगत होती. एक बोट लावायचं, काटे पुढे सरकवायचे, की झालं. ती सुटली असती. खोटं कशाला बोलू, माझं बोट पुढे गेलंही होतं.

"मंगळवारी चारला इनॉक माझ्या दुकानात होता," मी तिच्याकडे न बघता म्हणालो.

"मग?"

"मग काही नाही. त्याचं खिशातलं घड्याळ दुरुस्त होईपर्यंत हलायचा नाही म्हणून ठाण मांडून बसला होता. माझं डोकं खात होता. पाचला गेला."

मान वर करून तिनं घड्याळाकडे पाहिलं. त्या दिवसानंतर बहुधा पहिल्यांदाच. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे देवा," ती म्हणाली. "हात आपोआपच गेला हो. तो तिथे पडलेला, आणि मी आधी घड्याळ थांबवलं. मग आरसा झाकला. मग चर्चला फुलं लावायला गेले. आई असती तर म्हणाली असती, गुणाची माझी पोर." ती हसली आणि मटकन पायरीवर बसली. "मी इनॉकचं नाव नाही घेतलं."

"नाही घेतलंत. इथे त्याचं नाव घ्यावं लागत नाही. नुसतं गप्प बसलं तरी भागतं."

तिनं डावी बाही कोपरापर्यंत वर सारली. जुने पिवळे डाग, त्यांवर नवे निळे.

"हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग तुम्ही का गप्प बसलात?"

मला कुणी तरी थोबाडीत मारायला हवी होती, ती तिनं मारली. मी टोपी हातात फिरवत राहिलो. तुमच्यावर जीव होता म्हणू? ज्या जीवानं तीस वर्षांत तोंड उघडलं नाही, तो कुणाच्या कामाचा?

"घड्याळ राहू दे तसंच," ती म्हणाली आणि वर गेली.

मी खाली येरझाऱ्या घालत होतो. मागच्या दारानं पळून जा, असं एक मन तिला विनवत होतं. दुसरं मन तुरुंगापुढचा दोर बघत होतं. तिला यायला दहाच मिनिटं लागली असतील. ती आली ती रविवारची टोपी आणि पांढरे हातमोजे घालून. बाह्या दुमडलेल्या होत्या.

"गाडी काढू का?" मी विचारलं.

"नको. चालत जाऊ. त्या लोकांना बघू दे, दोर कुणासाठी आणलाय ते."

फाटकाशी तिनं माझ्या दंडात हात घातला. तिचा हात धरून भर बाजारातून चालायचं, हे मी किती शनिवार मनात घोकलं होतं. न्हाव्याच्या दुकानातली माणसं उठून काचेशी आली. माझे पाय भराभर पडत होते, लवकर संपावं म्हणून.

"होलिस," ती म्हणाली. आजवर माझं पहिलं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. "सावकाश चल रे."

हवेलीपासून शेरीफच्या कचेरीपर्यंत सात मिनिटांचा रस्ता. आम्हाला वीस लागली.