झील

“ए मुली! काय सांगितलंस त्याला आत्ता?”

खर्डेकर सर दारातून दोन ढांगांत आमच्या बाकापाशी आले. माझं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

“कुठं काय सांगितलं सर?”

“मी माझ्या कानांनी ऐकलं. ‘सारा’ म्हणालीस तू. प्रश्न जमीन महसुलाचा, आणि तू त्याला सारा सांगतेस! लेखनिकानं फक्त लिहायचं असतं. ही सरळ सरळ कॉपी आहे. केस करतो मी.”

सत्त्याण्णव सालचा एप्रिल महिना, बारामतीचं कॉलेज, खेळाचं सामान ठेवायची पत्र्याची खोली, आणि त्या भट्टीत आम्ही दोघं. मी, नाव नकोशी, आणि माझा चुलतभाऊ सिद्धू. सिद्धू आंधळा. लहानपणी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा त्याचा इतिहासाचा पेपर होता. तो सांगणार आणि मी लिहिणार. लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो असा नियम. मी दहावी होऊन घरी बसलेली, त्यामुळे नियमात अगदी बरोब्बर बसत होते.

मी ‘सारा’ म्हणाले हे खरं होतं. खोटं कशाला बोलू? पण मी सांगितलं काहीच नव्हतं. मी झील धरली होती. आता हे या कॉमर्सच्या सरांना कसं समजवायचं, हेच मला कळेना.

आम्ही निमगाव केतकीचे धनगर. आमच्यात ओवी म्हणायची एक रीत आहे. पुढचा गडी ओळ म्हणतो, मागचा तिचा शेवटचा शब्द उचलून वरच्या सुरात लांबवतो आणि ‘जी जी’ करतो. याला झील धरणं म्हणतात. तेवढ्यात पुढचा दम घेतो, आणि पुढची ओळ आपोआप त्याच्या तोंडाशी येते. सिद्धूचे वडील, आमचे आबा, ओवीला आख्ख्या तालुक्यात नावाजलेले. अक्षराची ओळख नाही, पण बिरोबापुढं बसले की पहाटेपर्यंत कथा संपायची नाही.

सिद्धू आधी पुण्याला अंधशाळेत शिकला, मग गावच्या हायस्कुलात, आणि बारावीनंतर हट्टानं बारामतीच्या कॉलेजात गेला. तिथं त्याच्या बोटांना वाचता येईल असं एकही पुस्तक नव्हतं. पहिल्या वर्षी मी धडे वाचायचे, तो ऐकायचा, मान डोलवायचा, आणि परीक्षेत सगळं साफ. इतिहासात नापास झाला. दिवाळीनंतर पुन्हा तेच धडे घेऊन बसलो, तर म्हणतो, “नके, बास झालं आता. घरी बसून दोर वळतो. आपल्याला तेवढंच जमायचं.”

माझं डोकंच फिरलं. “वळ की दोर! आन् त्याच दोरानं मला बाभळीला बांध. वाचून वाचून माझा घसा बसला, ती काय मी येडी हाय म्हणून?”

आबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते. वर न बघताच म्हणाले, “बिरुबाची कथा बरी ध्यानात ऱ्हाती रं तुझ्या? गाऊन बघ की.”

सिद्धूनं चेष्टेनं सूर लावला, “कॉर्नवालिस सायब गा, बंगाल देसाला आला गा…” आणि थांबला. झील धरायला कुणीच नव्हतं. घरातले सगळे गडी मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले. मग काय, मीच धरली. “आला गा आला, जीऽ जी!”

आबांचा मळणारा हात थांबला. “बाईमाणसानं झील धरायची? कुठं ऐकलंय का कुणी?”

“मग तुमी धरा,” मी म्हटलं. “तुमच्या हातात तर तंबाखू हाय.”

आबा दोन दिवस तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी मेंढवाड्यातून त्यांचा आवाज आला, “अगं वर घे, वर! झील धरतीस का कण्हतीस?”

तिथून पुढं इंग्रजांचा सगळा अंमल आमच्या वस्तीवर ओवीत उतरला. ज्वारी काढताना अठराशे सत्तावन, पाणी शेंदताना रयतवारी. ठमाकाकी, म्हणजे सिद्धूची आई, भाकरी थापता थापता गव्हर्नरांची नावं घ्यायची. शेजारच्या मळ्यातली बनाबाई एकदा विचारायला आली, “कुणाचा जागर हाय गं तुमच्यात?” मी म्हटलं, “लॉर्ड डलहौसीचा.” ती हात जोडून गेली. सिद्धू राहिलेला पेपर पास झाला, दुसरं वर्षही पास झाला. त्या वेळी पहाऱ्याला एक म्हातारे सर होते. ते वर्तमानपत्र वाचत बसायचे, आणि आम्ही आपले हळू आवाजात गुणगुणत उत्तरं लिहायचो. सिद्धू एक ओळ म्हणायचा, मी झील धरायचे, मग तो तेच साध्या भाषेत सांगायचा आणि मी लिहायचे. यात काही वावगं आहे असं आमच्या स्वप्नातही आलं नाही.

आणि आता हे खर्डेकर सर. झील नेहमी वरच्या सुरात असते, त्यामुळे दारात उभ्या माणसाला सिद्धूचं ऐकू आलंच नाही. माझं तेवढं ऐकू आलं.

सरांनी मोठ्या मॅडमना बोलावून आणलं. सगळ्या परीक्षेची जबाबदारी त्यांच्यावर होती. सिद्धू उभा राहिला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“मॅडम, हिनं न्हाय सांगितलं. मी ओवी म्हनतो, ही झील धरती. आमची रीतच हाय ती.”

“परीक्षेत ओवी?” मॅडमनी सरांकडं बघितलं, सरांनी छताकडं.

“माझं सगळं पाठांतर ओवीत हाय,” सिद्धू म्हणाला. “दुसरं काय करनार? मला वाचता यील असं पुस्तकच न्हाय.”

मॅडमनी माझ्यापुढची उत्तरपत्रिका चाळली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. त्यानं काय म्हणायचं ते हळू म्हणू दे. पण मुलगी एक शब्द बोलणार नाही. बोलली, तर पेपर काढून घ्या आणि केस करा. मग वर्ष गेलंच म्हणून समजा.”

मॅडम गेल्या. खर्डेकर सर समोर खुर्ची टाकून माझ्या ओठांवर नजर लावून बसले. मांजर उंदराच्या बिळापुढं बसतं तसे.

सिद्धूनं सूर लावला. “जमीनदाराला धरलं गा, कायमचा बांधला सारा गा…”

आणि थांबला.

मी ओठ दातांखाली दाबून धरले. सिद्धूनं तीच ओळ पुन्हा म्हटली, मग पुन्हा. पुढची ओळ येईना. मला सगळं ठाऊक होतं हो! माझ्या जिभेवर नाचत होतं. एक ‘जी’ केली असती तर त्याचं गाडं सुटलं असतं, आणि ती ‘जी’ केली असती तर वर्ष बुडालं असतं. सिद्धूचे हात बाकावर काहीतरी चाचपडत राहिले. असं आजवर त्यानं कधी केलं नव्हतं. तो घरात, रानात, बारामतीच्या स्टँडवरसुद्धा ताठ चालणारा माणूस. ते हात बघून माझ्या डोळ्यांतून टपाटपा पाणी यायला लागलं. रागाचंच होतं ते, पण थोडं भीतीचंही होतं. तीन वर्षं रोज यष्टीनं निमगाव-बारामती केलेला पोरगा या पत्र्याखालून उठून दोर वळायला परत जाणार की काय!

घड्याळ कुणासाठी थांबतं? बराच वेळ असा कोरडा गेला.

मग सिद्धूनं मान वर केली. “सर, एक इचारू का?”

“उत्तर सोडून काहीही विचार.”

“झील तुमी धरता का?”

मला वाटलं, मेलो आता. सर खुर्चीतून अर्धे उठले. “मी?”

“व्हय. शबूद बोलू नका. नुस्तं ‘जी जी’ करा. मग तर कुनी काय सांगितलं म्हनायला जागाच न्हाय.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. माझं नाक लाल, पदर ओला. मग त्यांनी दाराबाहेर डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि दार लोटून घेतलं.

“म्हण,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

“जमीनदाराला धरलं गा, कायमचा बांधला सारा गा…”

“जी,” सर म्हणाले. बँकेत नाव पुकारल्यावर माणसानं म्हणावं, तसं.

“सर, जरा लांबवा की. आन् वर घ्या.”

“जीऽऽ,” सर म्हणाले. कान पार तांबडे झाले होते त्यांचे.

“जीऽ जी, असं.”

“जीऽऽ जीऽ!”

आणि सुटलं की हो गाडं! “रयत पडली उघडी गा, मधला झाला धनी गा…” सर ‘जी जी’ करताहेत, सिद्धू गातोय, मग साध्या भाषेत सांगतोय, आणि मी लिहितेय. पेन धरलेलं बोट दुखायला लागलं, पण थांबते कोण? दुसऱ्या प्रश्नाला सर खुर्ची सोडून उभे राहिले. तिसऱ्याला त्यांनी एक हात कानामागं धरला, अगदी आबांसारखा. मला हसू आवरेना, आणि हसायचीही चोरी! मी खाली मान घालून लिहीत राहिले, खांदे तेवढे हलत होते.

एकदा दार किलकिलं झालं. मॅडमचं डोकं आत आलं. सर जागच्या जागी खांब झाले.

“काय चाललंय, खर्डेकर?”

“पर्यवेक्षण चालू आहे, मॅडम.”

मॅडमनी त्यांच्या कानामागच्या हाताकडं बघितलं. मग माझ्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं, आणि हळूच दार लावून घेतलं.

आंधळ्या मुलांना अर्धा तास जादा मिळायचा. तो आम्ही शेवटच्या मिनिटापर्यंत पुरवला. पेपर गोळा करताना सरांचा घसा पार बसला होता. व्हरांड्यात आबा डोक्याला पटका गुंडाळून ताटकळत बसले होते. सरांना बघून उठले, हात जोडून म्हणाले, “कसा गेला वो सर, पोराचा पेपर?”

“बरा गेला आम्हाला,” सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

पुढच्या सगळ्या पेपरांना त्यांनी आमच्याच खोलीवर ड्यूटी मागून घेतली. येताना खिशात खडीसाखर आणायचे. आधी स्वतः एक खडा तोंडात टाकायचे, मग सिद्धूच्या हातावर ठेवायचे.

जूनमध्ये निकाल लागला. इतिहासात सिद्धूला पहिला वर्ग मिळाला, कॉलेजात सगळ्यात जास्त मार्क. आबांनी बिरोबापुढं मूठभर भंडारा उधळला तो सिद्धूवर, ठमाकाकीवर, माझ्यावर, वाटेनं चाललेल्या पोस्टमनवर. पोस्टमन पिवळा होऊन पुढच्या गावाला गेला. संध्याकाळी वस्तीवर मेंढं कापलं. मी इतकं जेवले की मला उठवेना.

मग सिद्धूला पुण्याला एम.ए.ला जागा मिळाली. वसतिगृह मिळालं. तिथं वाचून दाखवायला मुलं असतात, कॅसेटी असतात, लेखनिकही तिथलाच मिळतो. सगळं चांगलं होतं. मीच त्याला म्हटलं, “जा की, हितं काय ठेवलंय?” आणि त्याची पिशवी भरता भरता दोनदा रिकामी केली. लपवून काय करू? माझ्या नावाचा अर्थ सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण तीन वर्षं मी एका माणसाला रोज हवी होते. आता नसणार होते.

इंदापूर स्टँडवर पुण्याची गाडी लागली. आबांनी त्याला खिडकीपाशी बसवलं, पिशवी मांडीवर दिली, आणि खाली उतरून नाक शिंकरत रसवंतीच्या आडोशाला गेले. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीखाली उभी.

“नके, हायस ना?” सिद्धू म्हणाला.

“हाय की.”

गाडी हलली. सिद्धूनं खिडकीच्या गजाला गाल लावला आणि भर स्टँडवर मोठ्यानं सूर लावला, “निमगाव सोडलं गा, पुन्याची धरली वाट गा…”

स्टँडवर ही गर्दी. बाया, बाप्ये, कॉलेजची पोरं, पाववडेवाला. सगळे वळून बघायला लागले. मी हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. त्याला दिसत नव्हतं, हात हलवून काय उपयोग? त्याला मी ऐकू येत होते तोवरच मी तिथं होते.

म्हणून मी पदर खोचला, आबा शिकवायचे तसा सूर वर घेतला आणि सगळ्या स्टँडदेखत झील धरली. गाडी फाटकातून बाहेर पडली, पेट्रोल पंपापाशी वळली, हायवेला लागली. तरी मी थांबले नाही.