मागची शिवण

बाबा मंगळवारी सकाळी गेले, आणि दुपारी बारापर्यंत मी सगळं मार्गी लावलं होतं. डॉक्टरांचा दाखला, दफनभूमीची परवानगी, आईच्या शेजारची जागा, शवपेटी, गाडी, नातेवाइकांना फोन. मी बस डेपोत वेळापत्रकं लावते. कोण किती वाजता कुठे असावं हे ठरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा तो मला सोपा जातो. बुधवारी दुपारी तीन वाजता दफन, असं ठरलं. कबर खोदणारे चार वाजता घरी जातात, म्हणून तीन म्हणजे तीन. नवऱ्यालाही मी ते दोनदा सांगितलं, आणि त्याने दोन्ही वेळा मुकाट्याने मान हलवली.

आत्याला मात्र मी हिशेबात धरलंच नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोघांनी मिळून चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलं. मापं घ्यायची आणि कापायचं ते बाबांनी, शिवायचं ते आत्याने. रोज भांडायचे, पण मशीन चालू ठेवून. आत्याने लग्न केलं नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत राहिली आणि खाली शिवत राहिली. तिचं नि माझं कधी फारसं जमलं नाही, कारण ती संथ आणि मी ही अशी. तिला पाणी पी म्हटलं तरी ती आधी पेला उजेडात धरून बघणार. मला ती डेपोमास्तर म्हणते, आणि त्यात कौतुक अजिबात नसतं.

बुधवारी सकाळी दहा वाजता मी बाबांचा कोट घेऊन पेटीवाल्यांकडे निघाले, तर आत्या कापडी पिशवी खांद्याला अडकवून दारात तयार.

"तू कशाला? थेट तिकडे ये ना दुपारी," मी म्हणाले.

"कोट कोणाचाय?" तिने विचारलं, आणि माझ्या आधी रिक्षात जाऊन बसली.

पेटीवाल्यांना सगळे पेटीवालेच म्हणतात, ते स्वतःसुद्धा. पुढच्या खोलीत तीन खुर्च्या, एक रजिस्टर आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ. मागे सुतारकामाची शेड, आणि त्याच्या पलीकडे थंड पांढरी खोली, जिथे लोखंडी टेबलावर बाबा होते. पेटीवाल्यांनी त्यांना आंघोळ घातली होती, दाढी केली होती, पँट आणि पांढरा शर्ट चढवला होता. दाढी इतकी नीट की बाबा नुसते डोळे मिटून पडलेत असं वाटावं. मी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढला.

पेटीवाल्यांनी कोटाचं कापड बोटांत चोळून पाहिलं. "छान कापड आहे हो," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली कात्री काढून त्यांनी कोट पालथा घातला.

"हे काय करताय?" आत्याने विचारलं.

पेटीवाले थांबले. साठीचा, जाड मिशांचा, शांत माणूस. त्यांनी आम्हाला न लाजता, न घाबरवता सांगितलं. गेलेल्या माणसाचे हात वळत नाहीत, बाह्यांतून जात नाहीत. म्हणून कोट पाठीवर कॉलरपासून खालपर्यंत कापायचा, दोन्ही बाजूंनी पुढून चढवायचा आणि कडा अंगाखाली सारून द्यायच्या. शर्टाचंही त्यांनी तेच केलं होतं. शिवाय आजारपणात माणूस आटलेला असतो, कापलं की ढगळपणाही झाकला जातो.

"पुढून बघणाऱ्याला काही कळत नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं मी असंच करतोय. सगळ्यांचे कोट मागून उघडेच असतात, बाई."

आईला निळ्या ब्लाऊजमध्ये ठेवलं होतं, ते आठवलं. पण मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. चालेल."

"नाही चालणार," आत्या म्हणाली. "शर्ट आत राहील. कोट कापायचा नाही."

"आत्या, कोणाला दिसणार आहे?"

"दादाने तुझ्या लग्नासाठी शिवलाय तो. स्वतःसाठी शिवलेला एकच कोट. त्याला चिंध्या करून पाठवायचं?"

"मग कसा घालायचा?" माझा आवाज चढला. खरं म्हणजे मला तिच्यावर नव्हतं ओरडायचं. कोणावर ओरडायचं तेच कळत नव्हतं, आणि ती समोर होती.

आत्या पुढे झाली. पेटीवाल्यांच्या हातातून कोट घेतला, खिडकीजवळ नेला आणि पाठीच्या मधोमध बोट फिरवलं. कोटाच्या पाठीचे मुळात दोन तुकडे असतात आणि मधोमध त्यांची शिवण असते, हे मला शिंप्याची मुलगी असून ठाऊक नव्हतं. "इथून उसवते," ती म्हणाली. "दोन भाग तुम्ही दोन बाजूंनी चढवा. मग त्याला कुशीवर वळवून धरा, मी अंगावरच शिवते. शिवताना जास्तीचं कापड आत घेते, म्हणजे ढगळही दिसणार नाही."

"किती वेळ?" मी विचारलं.

"लागेल तेवढा."

मला त्या उत्तराची अशी चीड आली की मी सरळ बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला आणि आत्याविषयी तावातावाने बोलले. नवरा म्हणाला, "तीन वाजेपर्यंत होईल गं." त्याला काय माहीत! पण निदान कोणीतरी तसं म्हणालं.

आत आले तेव्हा आत्या स्टुलावर बसली होती आणि कोट तिच्या मांडीवर होता. ब्लेडच्या टोकाने ती एकेक टाका तोडत होती. कापडाला ओरखडाही न जाता. कॉलर मागे सोडवली, अस्तर सोडवलं, आणि तासाभरात कोटाचे दोन भाग झाले, दोन्ही धडधाकट. पेटीवाले रजिस्टर बाजूला ठेवून केव्हाच येऊन उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही भाग बाबांना चढवले. त्यांचे मोठे हात बाबांच्या मनगटाशी इतक्या सांभाळून वागत होते की मला त्यांना काहीतरी चांगलं म्हणावंसं वाटलं, पण सुचलं नाही.

मग त्यांनी बाबांना कुशीवर वळवून धरलं, एक हात खांद्याला, एक कमरेला. आत्याने बोटात अंगुस्तानाची लोखंडी टोपी चढवली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सुरुवात केली.

टेप तिच्या गळ्यात लोंबत होती. तिने ती लावली नाही. आधी हाताने पाठ चाचपली, दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरलं आणि टाचण्या लावल्या.

"माप नाही घ्यायचं?" मी विचारलं.

"दादाची मापं मला पाठ आहेत. बारीक झालाय तेवढं हाताला कळतं."

मी चाळीस वर्षं आत्याला शिवताना पाहत आलेय, म्हणजे पाहत नव्हते, असं त्या दिवशी कळलं. सुई आत जायची, बाहेर यायची, दोरा ओढला जायचा, आणि एवढ्या बारीक टाक्यांत की मशीनचीच शिवण वाटावी. हात घाई करत नव्हता आणि थांबतही नव्हता. टेबलाची उंची तिच्या मानाने चुकीची होती, वाकून वाकून तिची कंबर मोडत असणार, पण तिने एकदाही पाठ सरळ केली नाही. सत्तरीला आलेली बाई. मी तिला संथ म्हणत आले. संथ वगैरे काही नव्हती ती; तिला एकही टाका परत घालायचा नसायचा, एवढंच.

"हलू नका हो," ती मध्येच म्हणाली.

"मी नाही हलत, हात हलतोय," पेटीवाले म्हणाले. "बाई, मी पेट्या बनवतो. माणसं धरून उभं राहायची सवय नाही."

"सवय होईल. अजून कॉलर राहिलीय."

मी जाऊन बाबांच्या कमरेला हात लावून आधार दिला. त्या खोलीत मी पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं केलं.

सव्वादोनला कॉलर बसली. पेटीवाल्यांनी बाबांना उताणं केलं, बाह्या ओढल्या, बटणं लावली. कोट छातीवर नीट आला होता, कुठे पिशवी नाही, कुठे ताण नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाहेर गाडी आली होती, नवरा पाहुण्यांना बसवून घेत होता.

आत्या तीन पावलं मागे सरली. डोळे बारीक करून बघत राहिली. "उजवीकडे फुगतोय," ती म्हणाली.

"कुठे?"

"कॉलरखाली. बघ ना."

मला दिसेना. मग तिने बोट ठेवलं तेव्हा दिसलं. उजव्या खांद्यावर, मानेजवळ कापडाची एक वळी उभी राहिली होती, करंगळीएवढी. मी म्हणणार होते की राहू दे, आत्या, हात जोडते. पण तिचा चेहरा पाहिला. ती घाबरली होती. तिच्या हातून असं होत नाही.

तिने शेवटी गळ्यातली टेप काढली. बाबांच्या मानेपासून डाव्या खांद्याच्या टोकापर्यंत धरली, मग उजव्या. परत डाव्या, परत उजव्या. मग टेप तशीच हातात धरून उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दादाचा खांदा," ती म्हणाली. "उजवा. कात्री चालवून चालवून दीड बोट खाली उतरला होता. हा कोट त्याने कापला, पण शिवताना मी उजव्या खांद्यात कापसाचा जाड पॅड घातला. कोणाला कळू नये म्हणून. त्यालासुद्धा मी सांगितलं नव्हतं." तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्तापण तोच उतरलेला खांदा मनात धरून शिवलं मी. आणि हा बघ. सरळ झालाय."

आणि आत्या रडायला लागली. मंगळवार सकाळपासून ती रडली नव्हती, मीही नव्हते. पेटीवाले भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिला जवळ घेतलं. इतकी लहान होती ती माझ्या हातांत, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला कधी मिठी मारली नव्हती.

मग तिने पदराने नाक पुसलं आणि ब्लेड शोधायला लागली. "वरचं वीतभर परत उसवावं लागेल. पॅड काढते. तुझे तीन वाजतायत ना?"

घड्याळात दोन पस्तीस झाले होते. दफनभूमीपर्यंत वीस मिनिटं लागतात. मी बाहेर गेले. नवरा घड्याळ दाखवत पुढे आला. मी त्याला म्हणाले, "उशीर होणार आहे. सगळ्यांना सांग. आणि दफनभूमीत फोन करून सांग, कबर खोदणाऱ्यांना थांबायला लागेल, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन."

"किती उशीर?"

"लागेल तेवढा," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय. पण फोन लगेच लावला.

पुन्हा कुशीवर वळवणं, पुन्हा उसवणं. या वेळी पेटीवाल्यांचा हात हलला नाही. आत्याने शिवणीतून दोन बोटं आत घातली, अस्तराखालून जाड पॅड अलगद ओढून काढला आणि डावीकडच्यासारखा पातळ केला. त्यातला जास्तीचा कापूस काढून पिशवीत ठेवला, उरलेला पॅड परत आत सारला आणि शिवायला घेतलं. मी दिवा धरला. शेवटचा टाका घालून तिने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

"थांबा, अजून उताणं करू नका," ती पेटीवाल्यांना म्हणाली. मग मला म्हणाली, "तू इकडे ये. मला आता नीट दिसत नाही. तू बघून सांग, कसा बसलाय."

मी टेबलाच्या पलीकडे गेले, तिच्या जागी उभी राहिले आणि माझ्या बापाची पाठ पाहिली.

लहानपणी शाळेतून दुकानात शिरले की मला पहिल्यांदा ती पाठच दिसायची, टेबलावर वाकलेली, एक खांदा खाली, मळका सदरा वर चढलेला. दुसऱ्यांच्या कपड्यांवर वाकलेली. आता ती सरळ होती. खांदे एका रेषेत, कॉलर मानेला चिकटून, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत ती शिवण, शोधली तरच दिसेल अशी. माझे बाबा आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखे दिसत होते.

"बोल ना," आत्या म्हणाली. "ओढतोय का कुठे?"

"नाही," मी म्हणाले. मला पुढचं दिसेनासं झालं होतं. "आत्या, फार सुंदर बसलाय."

"नक्की?"

"नक्की. बाबांनीसुद्धा काही खोट काढली नसती."

तिने मान हलवली. मग माझं मनगट धरलं आणि ते धरूनच पेटीवाल्यांना म्हणाली, "घ्या आता त्याला."