अर्ध्या खोलीची पडदी

मी लाकडाची पडदी बोलतेय, भोपाळच्या चौकातल्या एका माडीवरची. संतापून बोलतेय, हे आधीच सांगते.

नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी झालं, नागपूरच्या कचेऱ्या इथे उतरल्या आणि जागेचा दुष्काळ पडला. नीळकंठराव ठेकेदारांनी कचेरीसाठी एक लांबलचक खोली भाड्यानं घेतली होती. त्यांनी मधोमध मला ठोकून घेतलं आणि पलीकडचा अर्धा भाग सुचेताबाईंना पोटभाड्यानं दिला. बाईंचे यजमान सचिवालयात कारकून. बाईंनी तिथे हिंदी टायपिंगचा वर्ग काढला.

"लिहून काय घ्यायचं? आपण नागपूरचीच माणसं," नीळकंठराव म्हणाले. "मालकांना पोटभाडेकरू चालत नाही. विचारलं तर माझी मावसबहीण म्हणून सांगा."

बाईंनी सांगितलं. एवढंच नव्हे, भाऊबीजेला मालक हमीदमियाँ आले, तर त्यांच्यादेखत नीळकंठरावांना ओवाळलंसुद्धा! पुढे ते नाटक बाईंना खरंच वाटू लागलं. माहेर दूर असलं की असं होतं. रोज दुपारी 'दादांसाठी' चहा जायचा आणि हा गृहस्थ तो मिटक्या मारत प्यायचा.

वर्ग जोरात चालला. मग नीळकंठरावांना सगळी खोली हवीशी झाली. मुलींची परीक्षा तोंडावर आलेली. बाईंनी परोपरीनं विनवलं, पण त्यांनी सरळ मालकांनाच बोलावून आणलं.

"बहन है, मेहमान बनकर आई थी. अब जाती नहीं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच! माझ्या फळ्या जळत होत्या नुसत्या.

"भाई-बहन के झगड़े में मैं क्या बोलूँ, बीबी?" हमीदमियाँ म्हणाले.

बाई उठल्या. "मैं इनकी बहन नहीं हूँ. किराया देकर बैठी हूँ. झूठ मैंने भी बोला."

मालकांनी मला हात लावून पाहिलं. मग म्हणाले, "तो दोनों खाली कीजिए."

"माझी कचेरी बुडवलीस, बये!" नीळकंठराव किंचाळले.

"मी तुम्हाला ओवाळलं होतं," बाई एवढंच बोलल्या आणि टाइपरायटरवर झाकण घालू लागल्या. मुली जिन्यात रडत उभ्या होत्या.

खोली रिकामी झाली. आता मी मागच्या अंगणात भिंतीला टेकून पडलेय. मला न्हाणीला लावा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावा, नाहीतर चुलीत घाला. पण बहीण म्हणवून घेतलेल्या बाईला हुसकावणाऱ्याच्या कुठल्याही खोलीत मला पुन्हा उभं करू नका.